वाचकांचे प्रश्न : विद्यापीठाशेजारची गल्ली आणि रहिवासी मंडळ

प्रश्न : आम्ही फतेगंजमध्ये, महाराजा सयाजीराव विद्यापीठापासून चालत दहा मिनिटांच्या अंतरावर राहतो. गल्लीतील ३४ घरांपैकी जवळजवळ निम्म्या घरांत आता विद्यार्थी भाड्याने राहतात. कोपऱ्यावर कचरा साचतो, दुचाकी फाटकांसमोर उभ्या असतात आणि खाद्यपदार्थांच्या लाऱ्यांवर (हातगाड्यांवर) रात्री उशिरापर्यंत गर्दी असते. आम्ही काही घरमालक रहिवासी मंडळ स्थापन करीत आहोत. अविवाहित विद्यार्थ्यांना घरे भाड्याने देऊ नयेत, असा ठराव पहिल्याच बैठकीत करावा असे अनेकांचे म्हणणे आहे. तो करावा का, आणि मंडळाची नोंदणी कशी करावी?
— एक वाचक, फतेगंज, बडोदे

उत्तर : ठराव करू नये. ज्या बैठकीला गल्लीतील निम्म्या माणसांना बोलावलेलेच नाही, तिथे त्यांच्याच राहण्याचा निर्णय झाला, तर ते मंडळ रहिवाशांचे राहत नाही, घरमालकांचे होते. आणि आपण लिहिलेल्या अडचणी केवळ घरमालकांच्या मंडळाला सोडवता येणार नाहीत, कारण रोजचा कचरा कुठे टाकायचा आणि दुचाकी कुठे लावायची हे ठरवणारे हात भाडेकरूंचे आहेत.

बडोद्यात बाहेरगावचे विद्यार्थी काल-परवा आलेले नाहीत. बडोदे कॉलेज १८८१ साली सुरू झाले, तंत्रशिक्षणाचे कलाभवन १८९० साली आणि विद्यापीठ १९४९ साली. गरीब विद्यार्थ्याला वार लावून जेवू घालण्याची जुनी रीत आपल्या मराठी घरांना ठाऊकच आहे. दांडियाबाजारातल्या आमच्या घरी गुरुवारचा मुलगा येत असे. त्याचे ताट त्यानेच घासायचे आणि पानात काही टाकायचे नाही, हा आजीचा दंडक होता, आणि तो तिच्या स्वतःच्या मुलांनाही लागू होता. आज पीजीमध्ये पैसे मोजून राहणाऱ्या मुलाचे घरमालकाशी तसे नाते नसते. अनेकदा मालक दुसऱ्याच भागात राहतो, भाडे फोनवरून जमा होते आणि गल्लीची रीत त्या मुलाला सांगणारे कोणी उरत नाही. मंडळाचे पहिले काम ही उणीव भरून काढण्याचे आहे.

कचऱ्याचाच अनुभव सांगते. मी आता प्रतापगंजमध्ये राहते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी रोज प्लास्टिकच्या पिशव्यांचा ढीग पडत असे आणि एका मुलींच्या पीजीकडे सगळे बोट दाखवीत. शेवटी आम्ही दोघीजणी तिथे गेलो आणि विचारले. अकरा मुलींना मिळून एकच डबा होता, तोही तिसऱ्या मजल्यावर, आणि महानगरपालिकेची गाडी ज्या वेळी येई त्या वेळी निम्म्या मुली तासाला गेलेल्या असत. संध्याकाळी त्या पिशवी बांधून नाक्यावर ठेवीत, रात्री कुत्री ती फाडीत. यात बेपर्वाई थोडी होती, गैरसोय पुष्कळ होती. मालकाने तळमजल्यावर ओल्या व सुक्या कचऱ्याचे दोन झाकणाचे डबे ठेवले, ते गाडीत रिकामे करण्याचे काम जिना झाडणाऱ्या मावशींना महिन्याच्या ठरावीक पैशांवर दिले, आणि कोणता कचरा कशात टाकायचा याची चिठ्ठी मुलींनीच गुजराती, हिंदी व इंग्रजीत लिहून भिंतीवर लावली. ढीग पूर्ण नाहीसा व्हायला तीन महिने लागले. नवे सत्र सुरू झाले की नव्या मुलींना पुन्हा सांगावे लागते, आणि ते काम दरवर्षीचेच आहे हे आपणही धरून चालावे.

दुचाकींसाठी साखळ्या किंवा लोखंडी अडथळे लावण्याचा मोह टाळावा. सार्वजनिक रस्ता मंडळाच्या मालकीचा नसतो; परवानगीवाचून तो अडवला, तर तक्रार आपल्याविरुद्ध होईल. कोणत्या घरात किती वाहने आहेत आणि आवारात किती मावतात, याची मोजणी आधी करावी. पुष्कळ ठिकाणी आवारात जागा असते, पण मालकाने तिथे जुने सामान साठवलेले असते.

लाऱ्यांच्या बाबतीत मला थोडे कळकळीने लिहावेसे वाटते. रात्री अकराला सेव-उसळ खाणारा मुलगा आपल्याला उपद्रवी वाटतो, पण मेस बंद झाल्यावर पोट भरण्याची त्याची तेवढीच सोय असते, आणि लारीवाल्याचे घर त्यावर चालते. पथविक्रेत्यांसाठी २०१४ सालचा कायदा आहे. त्यानुसार नेमायच्या नगर विक्रेता समितीत ४० टक्के सदस्य विक्रेत्यांमधून निवडलेले असावे लागतात आणि रहिवासी संघांनाही तिथे प्रतिनिधित्व आहे. विक्रेत्याला हलवायचे झाल्यास ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. म्हणून ‘हटवा’ असा अर्ज करण्याऐवजी लारी कुठे उभी राहील, किती वाजता बंद होईल आणि कागद-द्रोण कोण उचलील, हे विक्रेत्यांना बरोबर बसवून ठरवावे. ध्वनिवर्धकाचा प्रश्न मात्र वेगळा आहे. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत तो उघड्यावर वाजवण्यास मनाई आहे, नवरात्रासारख्या सणांत सरकार ठरावीक दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देते, आणि त्यापलीकडे पोलिसांना कळवण्यात कोणताही संकोच नको.

आपण पत्रात पावसाळ्याचा उल्लेख केलेला नाही, आणि माझ्या मते मंडळ उभे करण्याचे सर्वांत मोठे कारण तेच आहे. ३१ जुलै २०१९ रोजी शहरात एका दिवसात सुमारे २० इंच पाऊस झाला, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी ३५ फुटांच्या वर गेले. काळा घोडा चौकाजवळच्या पुलापाशी नदीची पातळी आणि आजवा तलावाची पातळी हे दोन आकडे बडोदेकर घड्याळासारखे पाहतो, पण राजस्थान, बिहार किंवा केरळहून आलेल्या मुलाला त्यांचा अर्थ ठाऊक नसतो. पुराच्या पाण्याबरोबर नदीतल्या मगरी वस्तीत येतात आणि अशा वेळी त्यांच्या जवळ न जाता वनविभागाला कळवायचे असते, हेही त्याला कोणी सांगितलेले नसते. तळमजल्यावर कोण राहते, एकटे वृद्ध कोण आहेत, वरच्या मजल्यावर कोणाकडे जागा होईल, याची यादी जून लागण्यापूर्वी तयार हवी. जवळची पावसाळी कांस (पावसाचे पाणी वाहून नेणारा नाला) आणि रस्त्यावरच्या जाळ्या साफ झाल्या का, हे मे महिन्यात स्वतः जाऊन पाहावे, छायाचित्रासह वॉर्ड कचेरीत लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. उत्तर आले नाही तर माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करता येतो. त्याची मुदत ३० दिवसांची असते. २०२४ साली आमच्या गल्लीत दूध, पाणी आणि औषधे पोचवणारी बहुतेक मुले भाडेकरूच होती. कमरेएवढ्या पाण्यातून एका आजींना खुर्चीवर बसवून त्यांनीच बाहेर काढले.

नोंदणीचे थोडक्यात. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्यानुसार किमान सात सभासद लागतात, आणि गुजरातमध्ये अशा संस्थेची नोंदणी सार्वजनिक न्यास म्हणूनही धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात होते. पण आधी सहा महिने काम करून पाहावे आणि मग घटना लिहावी, म्हणजे ती छापील नमुन्याची होणार नाही. सभासदत्वाच्या कलमात ‘गल्लीत राहणारी व्यक्ती’ असे शब्द घालावेत आणि कार्यकारिणीत निदान दोन जागा भाडेकरूंना ठेवाव्यात. विद्यापीठाची समाजकार्य विद्याशाखा आपल्या फतेगंजातच आहे. तिथल्या विद्यार्थ्यांना क्षेत्रकार्य करावे लागते. गल्लीची पहिली पाहणी त्यांच्या मदतीने करता येईल का, हे जाऊन विचारावे.

प्रश्न : मी जळगावहून इथे एम.एस्सी. करायला आले आहे. आमच्या गल्लीतील मंडळ भाडेकरूंकडूनही महिना पन्नास रुपये वर्गणी घेते, पण बैठकीला बोलावत नाही. काका-काकू मंडळी प्रेमळ आहेत, त्यामुळे बोलायला अवघड वाटते. काय करावे?
— एक विद्यार्थिनी, प्रतापगंज

उत्तर : तुम्ही वर्गणी बंद करू नका, पावती मागा. पावती मागणे उद्धटपणाचे नसते, आणि पावती देणाऱ्या मंडळाला हिशेब मांडावाच लागतो. नंतर सचिवांना चार ओळींचे पत्र द्या : आम्ही इतकीजण इथे राहतो, वर्गणी देतो, पुढील बैठकीला आमच्यापैकी दोघी येऊ इच्छितो. सोबत एखादे काम स्वतःहून अंगावर घ्या. बंद पडलेल्या दिव्यांच्या खांबांचे क्रमांक टिपून तक्रार नोंदवणे आणि दिवा लागेपर्यंत तिचा पाठपुरावा करणे, हे काम रात्री ग्रंथालयातून परतणाऱ्या मुली उत्तम करतात, कारण कुठे अंधार आहे हे त्यांना नेमके ठाऊक असते. बैठक सकाळी तासांच्या वेळी असेल, तर ती रविवारी संध्याकाळी ठेवण्याची विनंतीही त्याच पत्रात करा.