स्ट्रेस, अँग्झायटी, बर्नआउट : तिन्हींना 'ताण'च म्हणायचं का?

प्रश्न असा आला आहे : कारखान्यातल्या कामगारांसाठी एक आरोग्यपत्रक मराठीत करायचं आहे. मूळ मजकुरात स्ट्रेस, अँग्झायटी आणि बर्नआउट असे तीन शब्द आहेत. तिन्ही ठिकाणी 'ताणतणाव' लिहिलं तर चालेल का, आणि 'बर्नआउट'ला चांगला मराठी शब्द आहे का?

माझ्या मते चालणार नाही. या तीन वेगळ्या अवस्था आहेत आणि तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. पत्रक वाचणाऱ्याला आपलं नेमकं काय बिघडलंय ते ओळखता यायला हवं.

आधी 'ताणतणाव' सोडवू. तणाव बहुतेक वेळा दोन बाजूंमधला असतो : गावात तणाव, सीमेवर तणाव, भावाभावांत तणाव. ताण एकावर पडतो : डोळ्यांवर ताण, खर्चाचा ताण, मनावर ताण. म्हणून स्ट्रेससाठी नुसता 'ताण' पुरेसा आहे, आणि तो फार समर्थ शब्द आहे. किती समर्थ, ते संत्र्या-मोसंबीच्या बागायतदारांच्या बोलण्यात दिसतं. आंबे बहार, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतला फुलोरा, धरायचा तर ते डिसेंबरात बागेचं पाणी तोडतात. याला 'बागेला ताण देणं' म्हणतात. पानं मलूल होतात, काही गळतात, वाढ थांबते. मग हलकं पाणी देऊन ताण तोडला की झाड फुलावर येतं. हलक्या जमिनीत ताण लवकर बसतो, भारी जमिनीत उशिरा. पण ताण तोडायचाच राहिला तर फांद्या वाळायला लागतात.

माणसाच्या ताणाचं शास्त्रही हेच सांगतं. हान्स सेल्ये या संशोधकाने माँट्रियलमध्ये उंदरांवर प्रयोग केले आणि १९३६ साली 'नेचर' नियतकालिकात त्यांची छोटी टिपणी छापली. थंडी, इजा, अतिश्रम, विषारी द्रव्य, कारण कुठलंही असो, उंदरांच्या शरीरात बदल तेच होत होते : मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क (अ‍ॅड्रिनल) ग्रंथी मोठ्या झालेल्या, रोगप्रतिकाराशी संबंधित थायमस ग्रंथी आक्रसलेली, जठर-आतड्यात व्रण. त्याने तीन टप्पे मांडले : आधी शरीर खडबडून जागं होतं, मग तग धरतं, आणि ताण सुटलाच नाही तर शेवटी त्याची शक्ती संपते. या सगळ्याला पुढे त्याने 'स्ट्रेस' हे अभियांत्रिकीतलं नाव दिलं. मराठी पदार्थविज्ञानात तिथे 'प्रतिबल' म्हणतात. तो शब्द पत्रकात चुकूनही आणू नका, कामगाराला त्यातून काहीच कळणार नाही.

शरीरावरचे परिणाम लिहिताना तर परिभाषेपेक्षा बोलीचा आधार घ्या. 'तोंडचं पाणी पळालं' हा वाक्प्रचार घ्या. संकट दिसताच ॲड्रेनलीन हे संप्रेरक (हार्मोन) रक्तात येतं, शरीर लढायला किंवा पळायला सज्ज होतं आणि पचनाची कामं मागे पडतात. लाळ कमी होते. तोंडचं पाणी खरोखरच पळतं! पोटाकडचा रक्तपुरवठा कमी होऊन तो स्नायूंकडे वळतो, आतड्यांची हालचाल बदलते. तेव्हा आपण 'पोटात गोळा आला' म्हणतो. छातीत धडधड, दरदरून घाम, अंगावर काटा, हातापायांना कंप : सगळी त्याच सज्जतेची लक्षणं, आणि प्रत्येकीला आपल्याकडे शतकानुशतकं वापरातला शब्द आहे. ताण लांबला की कॉर्टिसॉल या संप्रेरकाचं प्रमाण चढं राहू शकतं. मग झोप उडते, अन्न गोड लागत नाही, मान-खांदे आखडतात, रक्तदाब आणि रक्तातली साखर वाढू शकते, साधं दुखणंही लवकर हटत नाही.

आता अँग्झायटी. ताणाचं ओझं बहुधा दाखवता येतं : रात्रपाळी, कर्जाचा हप्ता, घरातलं आजारपण. अँग्झायटीत जे अजून घडलेलं नाही त्याचं भय असतं, आणि कारण दूर झालं तरी ते जात नाही. इथे 'काळजी' नको, कारण तो शब्द क्रियापदाबरोबर फिरतो : 'काळजी करू नका' आणि 'काळजी घ्या' यांत दोन वेगळे अर्थ आहेत. 'चिंता' प्रचलित आहे आणि निदानासाठी 'चिंताविकार' हा शब्दही रुळला आहे, तो जरूर ठेवा. पण चिंतेच्या मुळाशी विचार करणं आहे. अँग्झायटीच्या मुळाशी लॅटिनमधलं आवळणं, गळा दाबणं आहे. त्याच घराण्यातला 'अंहस्' हा शब्द ऋग्वेदात संकट, कोंडी या अर्थाने येतो आणि 'अंहु' म्हणजे अरुंद. छाती आवळणं, श्वास पुरेसा न मिळणं हा अनुभव 'चिंता' या शब्दात येत नाही. तो 'धास्ती' आणि 'दडपण' यांत येतो. म्हणून शीर्षकात 'चिंता' लिहा आणि खाली वर्णनात 'सतत धास्ती वाटणं, छातीवर दडपण येणं' असं लिहा.

बर्नआउट सर्वांत अवघड. हा शब्द मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी १९७४ साली रूढ केला. न्यूयॉर्कमधल्या मोफत दवाखान्यात जीव ओतून काम करणारी माणसं हळूहळू विझत जाताना त्यांनी पाहिली होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात तो आजार म्हणून नाही, कामाशी निगडित अवस्था म्हणून येतो, आणि त्याची तीन अंगं दिली आहेत : शक्ती संपल्याची भावना, कामाविषयी दुरावा किंवा कडवटपणा, आणि कामाचा उरक घटणं. अनेकजण याला 'मानसिक थकवा' म्हणतात. मला ते अपुरं वाटतं, कारण त्यात पहिलंच अंग येतं. दिवसभर राबून पिट्टा पडलेला माणूस रात्रीच्या गाढ झोपेने ताजा होतो. बर्नआउटमधला माणूस सुट्टी संपवून येतो आणि गेटपाशीच त्याचे पाय जड होतात. दुसऱ्या अंगासाठी 'उबग' हा नेमका शब्द आहे. तिसऱ्यासाठी आपण सहज म्हणतो, 'कामात हात चालत नाही.' 'ज्वलन', 'दहन' अशी भाषांतरं कुणी सुचवली तर नाकारा. 'बर्नआउट' हाच शब्द ठेवा आणि पुढे लिहा : 'कामाचा न उतरणारा शीण, कामाचा उबग आणि कामात हात न चालणं.'

'टेन्शन'विषयीही सांगायला हवं, कारण कामगार तोच शब्द वापरतील. तो तिन्हींना लागू होतो आणि म्हणूनच घातक ठरू शकतो. छातीत कळ आली, डावा हात भरून आला, तरी 'टेन्शनमुळे असेल' म्हणून माणूस घरी बसतो. तेव्हा पत्रकात ठळक लिहा की अशी कळ आली तर ती टेन्शनची आहे हे आपण ठरवायचं नाही, लगेच दवाखाना गाठायचा. धास्ती किंवा शीण आठवडेच्या आठवडे हटत नसेल तर बोलण्यासाठी सरकारच्या 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांकही त्याच ठिकाणी छापा.