लिनक्समध्ये रीस्टार्टनंतर साउंड कार्डची सेटिंग्ज का टिकत नाहीत?

तुमचा प्रश्न असा: डेबियन 12 वर मास्टर (एकूण आवाज) आणि माइकची पातळी नीट लावली, तरी मशीन पुन्हा चालू केलं की मास्टर म्यूट असतो. आधी एक ठरवा. सेटिंग साठवलीच गेली नाही, की साठवली गेली पण नंतर कुणी बदलली? दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

टर्मिनलमध्ये अल्सामिक्सर (साउंड कार्डची पातळी लावण्याचा प्रोग्राम) उघडा आणि एफ6 दाबून खरं कार्ड निवडा. हे बरेच जण विसरतात आणि फक्त वरवरचा मास्टर हलवत बसतात. पट्टीखाली 'एमएम' दिसलं तर ती म्यूट आहे. एम दाबा, 'शून्य शून्य' दिसायला हवं. मग 'सुडो अल्सासीटीएल स्टोअर' चालवा. सगळं /व्हार/लिब/अल्सा मधल्या असाउंड.स्टेट फाइलमध्ये जातं. फाइलची वेळ आत्ताची आहे ना, तेवढं पाहा. एरवी ही नोंद मशीन रीतसर बंद होताना होते. लाइट गेली किंवा बटण दाबून धरून बंद केलं, तर होत नाही. म्हणून बदल केला की लगेच हाताने स्टोअर करणं उत्तम.

आता रीस्टार्ट करा. आवाज पुन्हा गेला असेल तर 'सुडो अल्सासीटीएल रिस्टोअर' द्या. लगेच आवाज आला, म्हणजे फाइल बरोबर आहे. मग अल्सा-रिस्टोअर सेवेचं स्टेटस पाहा. तीही नीट चालली असेल, तर संशय वायरप्लंबरवर, म्हणजे डेस्कटॉपचा आवाज सांभाळणाऱ्या प्रोग्रामवर. लॉगिन झालं की तो स्वतःकडची जुनी पातळी कार्डावर लावतो, आणि शेवटी लिहिणाऱ्याचंच चालतं! 'सिस्टिमसीटीएल --युजर स्टॉप वायरप्लंबर' असं थांबवा (इथे सुडो अजिबात नको), होममधल्या .लोकल/स्टेट/वायरप्लंबर फोल्डरचं नाव बदला आणि वायरप्लंबर पुन्हा सुरू करा. त्यानंतर पातळी डेस्कटॉपच्या सेटिंगमधूनच लावा.

यूएसबी हेडसेट किंवा वेबकॅम जोडलेला असेल तर आणखी एक शक्यता उरते: बूट होताना तोच कार्ड 0 (म्हणजे पहिलं कार्ड) होतो आणि आवाज भलतीकडे जातो. /प्रॉक/असाउंड/कार्ड्स वाचून क्रम तपासा. तसं असेल तर /ईटीसी/मॉडप्रोब.डी मध्ये .कॉन्फ शेपटीची एक फाइल करून 'ऑप्शन्स एसएनडी_यूएसबी_ऑडिओ इंडेक्स=-2' ही ओळ टाका. मग यूएसबी कार्ड पहिली जागा घेत नाही.