वाचकांचे प्रश्न : दाब ओळखणारे चॅनेल आणि न आलेली गोळी

पेशींना दाब जाणवून देणाऱ्या 'पीझो' प्रथिनांविषयी आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : २०२१ च्या नोबेलमुळे 'पीझो' हे नाव कळले. पण पेशीला दाब कळतो म्हणजे नक्की काय घडते? (निवृत्त शिक्षक, सांगली)

उत्तर : पीझो हे पेशीपटलात बसलेले अवाढव्य प्रथिन आहे, आयनांना आत-बाहेर जायला वाट देणारे, म्हणजे 'चॅनेल'. तीन सारखे घटक एकत्र येऊन पंख्याच्या तीन पात्यांसारखी रचना होते आणि प्रत्येक घटक पटलातून ३८ वेळा आरपार जातो. या पात्यांमुळे तिथले पटल वाटीसारखे खोलगट राहते. पटलावर ताण आला की वाटी सपाट होऊ लागते, मधले छिद्र उघडते आणि सोडियम, कॅल्शियमसारखे धनभारित आयन आत शिरतात. ताण कायम असला तरी काही मिलिसेकंदांतच छिद्र मिटू लागते.

हे प्रथिन सापडले ते चिकाटीने. अमेरिकेत स्क्रिप्स संस्थेत बर्ट्रांड कोस्ट आणि आर्डेम पटापूटियन यांनी उंदराच्या पेशींना काचेच्या बारीक टोकाने टोचून विद्युतप्रवाह मोजला आणि संशयित जनुके एकेक करून गप्प केली. बहात्तराव्या जनुकाला प्रवाह थांबला. हे काम २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. पीझो-१ रक्तवाहिन्या, तांबड्या पेशी, हाडे यांत असते, तर पीझो-२ मुख्यतः संवेदना वाहणाऱ्या चेतापेशींत.

प्रश्न : ॲक्युप्रेशरच्या एका जाहिरातीत 'नोबेलने सिद्ध केलेले शास्त्र' असे लिहिले आहे. खरे का? (ठाणे)

उत्तर : नाही. नोबेल मिळाले ते तापमान आणि स्पर्श कसे कळतात हे शोधल्याबद्दल. तळवा दाबल्याने मूत्रपिंड सुधारते, असे त्यातून निघत नाही.

प्रश्न : चॅनेल सापडून इतकी वर्षे झाली. आमच्या दुकानात त्यावरची गोळी अजून का नाही? (औषधविक्रेता, नाशिक)

उत्तर : पहिली अडचण पकडीची. बऱ्याच चॅनेलांमध्ये शरीरातलाच एखादा रेणू जाऊन बसतो अशी खोबण असते आणि औषध त्या रेणूची नक्कल करते. पीझो पटलाच्या ताणाने उघडते, त्यामुळे नक्कल करायला नमुनाच हाती नाही. सुमारे साडेबत्तीस लाख संयुगे चाळून २०१५ मध्ये 'योडा-१' हाती आले. ते पीझो-१ उघडते, पीझो-२ नाही. पण पाण्यात ते जेमतेम विरघळते.

बंद करणाऱ्या पदार्थांची अवस्था याहून वाईट. टॅरँट्युला कोळ्याच्या विषातले ३४ अमिनो आम्लांचे 'जीएसएमटीएक्स-४' दाबाला प्रतिसाद देणारी इतर चॅनेलेही रोखते. रुथेनियम रेड हे रंगद्रव्य आणि गॅडोलिनियम हा धातू तर आणखी कितीतरी गोष्टी अडवतात. शिवाय फॉस्फेट किंवा बायकार्बोनेट असलेल्या द्रावणात गॅडोलिनियमचा साका बनतो. म्हणजे आपण औषध टाकले असे समजतो आणि ते तळाशी बसलेले असते.

दुसरी अडचण मोठी आहे, आणि आमच्या मते खरा पेच तोच. एकच पीझो-२ हलका स्पर्श, हातापायांची स्थिती, फुप्फुसांचा ताण आणि मूत्राशय भरल्याची जाणीव असे सगळे सांभाळते. जन्मतः ज्यांच्यात ते काम करत नाही, त्यांना डोळे मिटून चालणे अवघड जाते. काहींना लघवीला घड्याळ पाहून जावे लागते. याच लोकांच्या त्वचेवर मिरचीतल्या कॅप्सायसिनने दाह निर्माण केला, तरी हलका स्पर्श त्यांना दुखरा वाटला नाही. वेदनाशामकासाठी लक्ष्य उत्तमच, पण गोळी सगळ्या शरीरात फिरणार. त्यामुळे त्वचेपुरते राहणारे मलम हा मार्ग आम्हाला अधिक शहाणपणाचा वाटतो. पीझो-१ चेही तेच. योडा-१ ने उंदरांत हाडांचे वस्तुमान वाढले, पण रक्तातून जाताना हेच संयुग तांबड्या पेशींनाही गाठणार.

प्रश्न : एचईके-२९३ या प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींत पीझो-१ चे जनुक घालून, फ्लुओ-४ (कॅल्शियम आले की उजळणारा रंग) भरून योडा-१ टाकले. जनुक न घातलेल्या पेशीही उजळतात. चूक कुठे? (एम.एस्सी. विद्यार्थिनी, कोल्हापूर)

उत्तर : पहिला संशय पेशींवरच घ्या. एचईके-२९३ मध्ये स्वतःचे पीझो-१ असते. तुलनेसाठी ते जनुक काढून टाकलेल्या एचईके पेशी मिळवा. नाहीतर सगळी तुलनाच लंगडी.

मग पिपेट. द्रावण जोरात सोडले तर प्रवाहाच्या घर्षणानेच चॅनेल उघडते. धुतल्यावर प्लेट काही मिनिटे स्थिर ठेवा, मिनिटभर मूळ उजेड नोंदवा, मग खळग्याच्या भिंतीलगत सावकाश सोडा. एका ओळीत त्याच वेगाने नुसते बफर टाका.

योडा-१ चा साठा डीएमएसओ या द्रावकात १० मिलिमोलर करा. हजारपट पातळ केल्यावर १० मायक्रोमोलर योडा आणि ०.१ टक्का डीएमएसओ राहतो; तुलनेच्या खळग्यांतही तेवढाच डीएमएसओ हवा. द्रावण ढगाळ दिसले तर फेकून द्या. शेवटी कॅल्शियम नसलेल्या, ईजीटीए (उरलेसुरले कॅल्शियम बांधून ठेवणारा पदार्थ) घातलेल्या बफरमध्ये प्रयोग पुन्हा करा. तिथेही पेशी तशाच उजळल्या, तर कॅल्शियम बाहेरून येत नसून पेशीतल्या साठ्यातून सुटते आहे. प्लेटवर निवडलेले संयुग पॅच क्लॅम्पवर (काचेच्या बारीक पिपेटने चॅनेलमधला विद्युतप्रवाह मोजण्याचे तंत्र), पिपेटमधला ऋणदाब टप्प्याटप्प्याने वाढवून, तपासल्याशिवाय प्रबंधात लिहू नका.

प्रश्न : आमच्या भागात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. या संशोधनाचा उपयोग होईल का? (आरोग्यसेविका, गडचिरोली)

उत्तर : दुवा पाण्याचा आहे. तांबड्या पेशीत कॅल्शियम शिरले की गार्डोस नावाचे चॅनेल उघडते, पोटॅशियम बाहेर पडते, मागोमाग पाणी जाते. पेशी सुकली की सिकल हिमोग्लोबिन दाट होते आणि पेशी लवकर विळ्यासारखी होते. कॅल्शियमच्या वाटांपैकी एक पीझो-१ असावी, असे प्रयोग सुचवतात.

मात्र गार्डोस बंद करणाऱ्या सेनिकॅपॉक या औषधाचा अनुभव ध्यानात ठेवावा. त्याने पेशी फुटणे कमी झाले, हिमोग्लोबिन वाढले. वेदनेचे झटके मात्र कमी झाले नाहीत. तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेली हायड्रॉक्सीयुरिया ही सिकलसेलची गोळी कोणी या आशेवर सोडू नये.

पीझो-१ थेट दोषी असलेला आजार वेगळा : हेरिडिटरी झेरोसायटोसिस. त्यात चॅनेल मिटायला उशीर करते आणि तांबड्या पेशी सुकतात. एमसीएचसी (तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनची दाटी) बहुधा वाढलेले, ऑस्मॉटिक फ्रॅजिलिटी (पातळ मिठाच्या पाण्यात पेशी फुटण्याची प्रवृत्ती) कमी, आणि रक्त न चढवताही फेरिटिन (लोह साठवणारे प्रथिन) चढलेले दिसू शकते. असा रुग्ण आढळला तर प्लीहा काढण्याआधी जनुकचाचणीसाठी पाठवा. या आजारात प्लीहा काढल्यावर रक्ताच्या गुठळ्यांचा धोका फार वाढतो.