वाचकांचे प्रश्न : एकाच पेडलवर केबल आणि हायड्रॉलिक ब्रेक

प्रश्न : पुढे दोन चाकं आणि मागे एक, अशी विजेवर चालणारी तीनचाकी शेतात वापरण्यासाठी बनवत आहे. पुढच्या दोन्ही चाकांना मोटरसायकलचे डिस्क आणि कॅलिपर (डिस्कला पॅडने चिमटणारे) आहेत, मागे 130 मिलिमीटरचा ड्रम. पेडलच्या दांड्यावर एकाच बोल्टमध्ये मास्टर सिलिंडरचा (ऑइलवर दाब आणणाऱ्या पंपाचा) पुशरॉड आणि मागच्या ब्रेकची केबल दोन्ही अडकवली. ब्रेक दाबला की मागचं चाक जाम होतं, पेडल दगडासारखं कडक होतं, पण डिस्क धरत नाही. केबल सैल केली तर पुढचं धरतं आणि मागचं नुसतं फिरत राहतं. काय चुकतंय?

उत्तर : एका बोल्टमध्ये दोन्ही बांधल्यामुळे तुम्ही दोघांना सारखी हालचाल दिलीत, जोर वाटून दिला नाहीत. ब्रेक शू ड्रमला टेकले की केबल पुढे सरकत नाही, म्हणून पेडलही तिथेच थांबतं. त्या वेळी पॅड डिस्कला जेमतेम टेकलेले असतात आणि पायाचा सगळा जोर केबल खाते. केबल सैल केली की नेमकं उलटं होतं. ॲडजस्टर फिरवून हे कधीच जुळणार नाही. आज जुळलं तरी लायनर (शूवरचा घासणारा थर) थोडा झिजला की बिघडेल.

शिवाय तुमच्या गाडीत मागचं चाक आधी जाम होणं धोक्याचं आहे. ब्रेक लागताना वजन पुढे जातं, मागचं एकटं चाक हलकं होतं आणि जाम झालं की शेपूट बाजूला फिरतं. त्यामुळे जोराचा मोठा वाटा पुढेच हवा.

उपाय म्हणजे मध्ये तराजूसारखी एक पट्टी. 8 मिलिमीटर जाडीची पोलादी पट्टी घ्या, दोन टोकांच्या भोकांमधलं अंतर 60 मिलिमीटर ठेवा. पेडलला जोडणारं भोक बरोबर मध्यावर पाडू नका. मास्टर सिलिंडरच्या टोकापासून ते 20 आणि केबलच्या टोकापासून 40 मिलिमीटरवर घ्या. आता मास्टर सिलिंडरला जोराचे दोन हिस्से मिळतात, केबलला एक. पायाचा जोर 30 किलो आणि पेडलचं गुणोत्तर 5 (म्हणजे दांड्यामुळे जोर पाचपट) धरलं, तर पट्टीवर 150 किलो येतात : 100 पुशरॉडवर, 50 केबलवर. पेडलची बिजागरी खाली फ्लोअरवर असेल तर मांडणी सोपी जाते. मास्टर सिलिंडर पुढे, केबल मागून. दोन्हींना पट्टी पुढेच सरकलेली हवी असते.

मास्टर सिलिंडर पायाने दाबायचा, 12.7 मिलिमीटर बोअरचा घ्या. समजा तुमच्या प्रत्येक कॅलिपरला 25 मिलिमीटरचे दोन पिस्टन आहेत. पॅडची फट मिटवायला पिस्टन 0.3 मिलिमीटर सरकला, तर दोन कॅलिपरना मिळून सुमारे 0.6 घन सेंटिमीटर ऑइल लागतं. 12.7 च्या बोअरमध्ये त्यासाठी पुशरॉड साधारण 4.6 मिलिमीटर जातो. पोर्ट (टाकीकडे जाणारं छिद्र) झाकायला लागणारी हालचाल आणि होजचं फुगणं धरून 6. मागच्या केबलची हालचाल प्रत्यक्ष मोजा. ती 14 मिलिमीटर निघाली, तर पट्टीचं पेडलला जोडणारं भोक सुमारे 9 आणि पेडल सुमारे 45 मिलिमीटर जाईल. तरीही पेडलखाली 100 मिलिमीटर मोकळी जागा सोडाच, कारण एक बाजू निकामी झाली की उरलेली हालचाल तिथूनच मिळणार आहे.

पट्टीच्या दोन्ही बाजूंना अडवण बसवा, म्हणजे पेडलच्या दांड्यावर वेल्ड केलेले 8 मिलिमीटरचे तुकडे. केबल तुटली की पट्टी एका बाजूला झुकते, अडवणीला टेकते आणि पूर्ण जोर मास्टर सिलिंडरला जातो. अडवण नसेल तर पट्टी गरकन फिरते आणि पाय फ्लोअरला लागतो, म्हणजे एका केबलपायी दोन्ही ब्रेक गेले. केबलचं टोक मास्टरच्या टोकापेक्षा 15 मिलिमीटर पुढे जाईल इतकं आणि मास्टरचं टोक केबलच्या टोकापेक्षा फार तर 5 मिलिमीटर पुढे जाईल इतकं झुकू द्या. नेहमीच्या ब्रेकिंगमध्ये पट्टी अडवणीला लागता कामा नये. लागत असेल तर केबल घट्ट करायची वेळ झाली.

सगळ्यात जास्त फसगत होते ती स्प्रिंगमुळे. पेडल सुटलं की ड्रमच्या लिव्हरची स्प्रिंग केबलचं टोक मागे ओढते. पट्टी मधल्या पिनवर फिरते आणि दुसरं टोक पुढे जाऊन पुशरॉड दाबून धरतं, तेही स्प्रिंगच्या दुप्पट जोराने. मास्टर सिलिंडरचा पिस्टन पूर्ण मागे येत नाही, टाकीकडे जाणारं बारीक छिद्र झाकलेलं राहतं, घासणाऱ्या पॅडने ऑइल तापून फुगतं आणि दोन-चार किलोमीटरनंतर पुढची चाकं आपोआप आवळतात. म्हणून ड्रमच्या लिव्हरला स्वतःची अडवण द्या, पाय उचलल्यावर केबलमध्ये 2 ते 3 मिलिमीटर ढील आणि पुशरॉडपुढे 1 मिलिमीटर फट ठेवा. पुशरॉड बोटांनी खुळखुळला पाहिजे.

क्लचची बारीक वायर वापरू नका, ती ताणली जाते. सरळ जागा मिळत असेल तर रॉडच बरा. ब्रेक लागलेला असताना ड्रमचा लिव्हर आणि रॉड यांच्यात साधारण काटकोन हवा. त्यापुढे गेला तर कॅम (शू पसरवणारा तुकडा) आडवा होऊन अडकू शकतो.

ऑइलमधली हवा काढताना कॅलिपरचा निप्पल (हवा सोडायचा स्क्रू) वरच असायला हवा. दोन्ही कॅलिपर एकाच बाजूचे मिळाले असतील तर एकाचा निप्पल खाली येतो आणि वर अडकलेली हवा कितीही पंप केलं तरी निघत नाही. तो कॅलिपर सोडून निप्पल वर धरा, पॅडमध्ये डिस्कच्या जाडीची पट्टी घाला आणि मग हवा काढा. ऑइल डॉट 3 किंवा डॉट 4. इंजिन ऑइल थेंबभरही नको, रबरी सील फुगतात.

शेवटी उभ्या गाडीवर दोन चाचण्या करा : आधी केबल सोडून, मग केबल लावून एका कॅलिपरचा निप्पल उघडून. दोन्ही वेळा उरलेला ब्रेक धरला पाहिजे. गाडी सार्वजनिक रस्त्यावर न्यायची असेल तर नोंदणीशिवाय चालणार नाही.

प्रश्न : याच मागच्या ड्रमला हँडब्रेकही जोडता येईल का? की हायड्रॉलिक लाइनमध्ये लॉक टाकू?

उत्तर : ड्रमलाच जोडा. लाइनमध्ये कोंडलेला दाब ऑइल थंड झालं की किंवा सील किंचित गळलं की उतरतो आणि उतारावर उभी केलेली गाडी चालू लागते. हँडब्रेकला वेगळी केबल द्या आणि दोन्ही केबलींची टोकं लिव्हरवर 20 मिलिमीटरच्या लांबट खाचेत बसवा. एक ओढली की दुसरी खाचेत मोकळी सरकते.

प्रश्न : आमचा कॉलेजचा संघ बाहा एसएई इंडियासाठी (विद्यार्थ्यांनी बनवलेल्या ऑफ-रोड गाड्यांची स्पर्धा) गाडी बनवत आहे. पैसे वाचवायला मागे केबलचा ब्रेक चालेल?

उत्तर : नाही. तिथे पायाच्या एकाच पेडलवर चालणारा, सर्व चाकांवर काम करणारा हायड्रॉलिक ब्रेक आणि किमान दोन स्वतंत्र सर्किट (ऑइलच्या वेगळ्या लाइन) लागतात. पेडल आणि मास्टर सिलिंडर यांच्यातही केबल चालत नाही, कडक दांडीच हवी. चाचणीत चारही चाकं जाम व्हावी लागतात. दोन मास्टर सिलिंडर आणि मध्ये तराजूची पट्टी हीच मांडणी करा. वर सांगितलेली अडवण आणि पुशरॉडची 1 मिलिमीटर फट तिथेही तितकीच लागते.