डेटाबेसमध्ये नवी व्हॅल्यू, कॅशेत मात्र जुनीच: डिलीट करूनही असं का होतं?

तुमची मांडणी अशी आहे: मायएसक्यूएल डेटाबेसचा एक प्रायमरी (जिथे बदल लिहिले जातात तो मुख्य सर्व्हर), दोन रेप्लिका (वाचण्यासाठीच्या त्याच्या प्रती) आणि पुढे कॅशे म्हणून रेडिस, म्हणजे वारंवार लागणारी माहिती पटकन देणारी जागा. बदल कमिट झाला, म्हणजे डेटाबेसमध्ये पक्का झाला, की तुमचा कोड कॅशेतली नोंद डिलीट करतो, लॉगमध्ये एरर दिसत नाही. तरीही रोज काही युजरना जुनी माहिती दिसते आणि टीटीएल (नोंद कॅशेत राहण्याची ठरलेली मुदत) संपेपर्यंत, म्हणजे तासभर, ती हलत नाही. डिलीट कुठे चुकतंय, असं तुम्ही विचारलंय.

तुमच्या वर्णनावरून डिलीट बरोबर चाललंय. जुनी व्हॅल्यू डिलीट झाल्यावर परत येते आहे, आणि ती परत आणून ठेवतोय तुमचाच वाचणारा कोड, जो कॅशेत न मिळालेली नोंद डेटाबेसमधून आणून तिथे भरतो. आम्हीही याच प्रश्नावर तीन आठवडे डिलीटचाच कोड उलटसुलट तपासत बसलो होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एकच नोंद घ्या आणि घड्याळ मिलिसेकंदात लावा. 0 ला एक रिक्वेस्ट कॅशेत बघते, नोंद सापडत नाही. 2 ला ती डेटाबेसमधून वाचते, हातात येतं व्हर्जन 7. तेवढ्यात त्या प्रोसेसमध्ये गार्बेज कलेक्शन (न लागणारी मेमरी मोकळी करण्याचं काम) सुरू होतं आणि ती 40 मिलिसेकंद अडकते. 10 ला दुसऱ्या सर्व्हरवर कोणीतरी व्हर्जन 8 कमिट करतं, 12 ला डिलीट पाठवतं. कॅशेत त्या क्षणी काहीच नाही, त्यामुळे डिलीटला काढायला काही मिळत नाही. 42 ला पहिली रिक्वेस्ट पुन्हा चालू होते आणि हातातलं व्हर्जन 7 कॅशेत ठेवते, तासाभराच्या टीटीएलसह. यात कुणालाही एरर आली नाही, पण पुढचा तासभर सगळ्यांना 7 दिसणार.

याचा माग काढायची एक सोपी जागा आहे. रेडिसचं डेल (डिलीटची कमांड) किती नोंदी काढल्या तो आकडा परत देतं, वरच्या गोष्टीत तो 0 असतो. आमच्या कोडमध्ये तो आकडा कोणी बघतच नव्हतं. तो लॉग केला आणि शेजारी प्रत्येक भरणीची वेळ लिहिली, तेव्हा पहिल्यांदा चित्र दिसलं.

रेप्लिकामुळे ही चूक घडणं आणखी सोपं होतं, कोणी अडकायचीही गरज उरत नाही. रेप्लिकेशन असिंक्रोनस असेल, म्हणजे प्रायमरी रेप्लिकांची वाट न बघता पुढे जात असेल, तर प्रायमरीवर 8 आलेलं असताना रेप्लिकावर काही काळ 7 च असतं. डिलीटनंतरचा पहिला वाचक रेप्लिकाकडे गेला की तो प्रामाणिकपणे 7 आणतो आणि भरतो. ज्या नोंदी सर्वांत जास्त वाचल्या जातात त्यांच्यावर डिलीटनंतर लगेच कोणीतरी येतंच, त्यामुळे फटका नेमका त्यांनाच बसतो.

आमच्या कॅशेत परवानग्या होत्या. एका माणसाचा अ‍ॅक्सेस काढून घेतला, डेटाबेसमध्ये नोंद बरोबर होती, आणि तरी पुढचा पाऊण तास तो फाइली उघडू शकत होता. त्या दिवसापासून ‘थोडी शिळी माहिती चालते’ हे वाक्य मी नोंद कशाची आहे हे विचारल्याशिवाय मान्य करत नाही.

आम्ही आधी दोनदा डिलीट करून पाहिलं: एकदा लगेच, एकदा अर्ध्या सेकंदाने. तक्रारी कमी झाल्या आणि आम्ही खूश झालो. मग रात्रीच्या एका मोठ्या बॅच जॉबमध्ये रेप्लिका सहा सेकंद मागे पडली आणि सगळं पुन्हा सुरू. अंदाजाने थांबणं म्हणजे खिडकी अरुंद करणं, ती त्याने बंद होत नाही.

बंद झाली ती भरणीवर अट घातल्यावर. टेबलमध्ये व्हर्जनचा कॉलम ठेवला, बदलाच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये (एकत्रच पक्क्या होणाऱ्या बदलांच्या गटात) तो एकाने वाढतो. कमिटनंतर नोंद डिलीट करण्याऐवजी तिच्या जागी छोटी खूण ठेवतो: ‘8 च्या खालचं घेऊ नये’. भरणारा कोड एका लुआ स्क्रिप्टमधून (रेडिसच्या आतच चालणाऱ्या छोट्या प्रोग्राममधून) जातो, रेडिस ती मध्ये दुसरं काही न चालवता पूर्ण करतं. कॅशेत असलेल्या व्हर्जनपेक्षा आणलेलं जुनं असेल तर स्क्रिप्ट ते नाकारते. खूण ठेवतानाही हीच तुलना होते, म्हणजे उशिरा पोचलेली जुनी खूण नव्या नोंदीवर बसत नाही. खूण महत्त्वाची आहे, कारण साधं डिलीट केलं की तुलना करायला काही उरतच नाही. तिचा टीटीएल रेप्लिकाच्या सर्वांत वाईट विलंबापेक्षा बराच मोठा ठेवा. आणि व्हर्जनच्या जागी सर्व्हरच्या घड्याळाची वेळ वापरू नका, दोन मशिनची घड्याळं तंतोतंत जुळतील याची खात्री नसते.

हाच विचार फेसबुकच्या इंजिनिअरांनी मेमकॅश्ड या कॅशेवरच्या 2013 च्या पेपरमध्ये ‘लीज’ या नावाने मांडला आहे. कॅशेत नोंद न मिळणाऱ्याला 64 बिटांचं टोकन मिळतं, ते दाखवूनच भरता येतं, आणि मध्ये डिलीट आलं की टोकन बाद. एका नोंदीसाठी थोड्या वेळात एकच टोकन देत असल्यामुळे सगळ्यांची एकदम डेटाबेसवर पडणारी झुंबडही थांबते. झुंबडीच्या काही नोंदींवर डेटाबेसच्या क्वेरी सेकंदाला 17,000 वरून 1,300 वर आल्याचं त्यांनी नोंदवलंय. पण लीज एकटी रेप्लिकाच्या विलंबाला पुरत नाही: डिलीटनंतर नवं टोकन घेऊनही वाचक मागे पडलेल्या रेप्लिकावरून 7 आणू शकतो. म्हणून तुमच्या मांडणीत मी व्हर्जनच निवडेन.

डिलीटऐवजी कॅशेत सरळ नवी व्हॅल्यू लिहायचा मोह होईल. व्हर्जन तपासल्याशिवाय तसं करू नका. दोन लेखक डेटाबेसमध्ये एका क्रमाने आणि कॅशेत उलट क्रमाने पोचू शकतात.

राहिली एक फट: कमिट झालं आणि खूण ठेवायच्या आत प्रोसेस मेली. त्यासाठी बिनलॉग (मायएसक्यूएलची बदलांची नोंदवही) वाचणारा वेगळा प्रोग्राम लागतो, डेबेझियमसारखा. तो खाली पडला तरी पुन्हा उठून जिथे थांबला तिथून वाचतो. एखादा बदल दोनदा आला तरी तीच खूण पुन्हा ठेवली जाते, त्याने बिघडत काही नाही.

सुरुवात डेलच्या त्या आकड्यापासून करा. 0 नंतर काही मिलिसेकंदांत भरणी दिसली तर ती अडकलेल्या रिक्वेस्टची पहिली रेस, म्हणजे दोन कामांच्या वेळेची शर्यत. 1 नंतर भरणी होऊन जुनी व्हॅल्यू आली तर आधी रेप्लिकाकडे बघा, आणि हेही बघा की डिलीट खरंच कमिटनंतर होतंय ना. फ्रेमवर्कच्या हुकमध्ये (ठरावीक घटनेला आपोआप चालणाऱ्या कोडमध्ये) लिहिलेलं डिलीट बऱ्याचदा ट्रान्झॅक्शन उघडं असतानाच चालून जातं. आमच्याकडे पाचपैकी दोन ठिकाणी तसंच होतं.