जैवभारापासून हायड्रोजन मिळवताना स्वस्त निकेलवर काम का भागत नाही?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत. लाकडाचा भुसा किंवा पिकाचे काड धातूच्या उत्प्रेरकासोबत थेट तापवले तर हायड्रोजन मिळेल का, ही पहिली. आणि निकेल इतके स्वस्त असताना संशोधक प्लॅटिनमच्या मागे का लागतात, ही दुसरी. मी काही काळ प्रयोगशाळेत निकेलच्या उत्प्रेरकांवर काम केले आहे, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नावर जरा सविस्तर लिहितो. पहिल्याचे उत्तर लवकर आटोपते.

उत्प्रेरक घन असतो आणि भुसाही घनच. धातूचे काही नॅनोमीटर आकाराचे कण अ‍ॅल्युमिनासारख्या सच्छिद्र आधारद्रव्याच्या आतल्या भिंतींवर बसवलेले असतात आणि त्या छिद्रांत लाकडाचा कण शिरूच शकत नाही. म्हणून जैवभाराचे, म्हणजे भुसा-काडासारख्या वनस्पतिजन्य मालाचे, आधी वायू, बाष्प किंवा द्रावण करून घ्यावे लागते. 700 ते 900 अंश सेल्सिअस तापमानाला त्याचे वायूकरण करता येते, सुमारे 500 अंशांना हवेशिवाय झटपट तापवून जैवतेल काढता येते, किंवा सेल्युलोजचे जलविघटन करून साखर मिळवता येते. कच्चा माल फारच ओला असेल, तर तो वाळवण्यात उष्णता खर्च करण्याऐवजी 374 अंश आणि सुमारे 221 बार या क्रांतिक बिंदूच्या (जिथे द्रव आणि वाफ यांतला भेद नाहीसा होतो) पलीकडील पाण्यातच त्याचे वायूकरण करतात. तिथे रुथेनियम चांगले काम देते. मात्र इतका दाब आणि गंज सोसणारी भट्टी हाच मोठा खर्च होऊन बसतो.

आता धातूचे काम पाहू. ग्लुकोजचा एक रेणू आणि पाण्याचे सहा रेणू यांची अभिक्रिया पूर्णत्वाला गेली, तर कार्बन डायऑक्साइडचे सहा आणि हायड्रोजनचे बारा रेणू मिळतात. म्हणजे 1 किलो ग्लुकोजमागे जास्तीत जास्त सुमारे 133 ग्रॅम हायड्रोजन मिळतो आणि त्यातला निम्मा पाण्यातून आलेला असतो, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. त्यासाठी धातूला दोन कामे करावी लागतात: कार्बन-कार्बन बंध तोडणे, आणि त्यातून सुटलेल्या कार्बन मोनॉक्साइडची पाण्याशी गाठ घालून आणखी हायड्रोजन सोडवणे. निकेल पहिले काम झपाट्याने करते. अडचण अशी की, ते कार्बन-ऑक्सिजन बंधही तोडते आणि तयार झालेला हायड्रोजन पुन्हा कार्बनच्या ऑक्साइडांना चिकटवून मिथेन करते. कार्बन मोनॉक्साइडचा एक रेणू मिथेन होताना हायड्रोजनचे तीन रेणू खातो, तर कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू चार. प्लॅटिनम बंध निकेलपेक्षा सावकाश तोडते, पण मिथेनकडे फारसे वळत नाही. त्याला किंमत मिळते ती वेगामुळे नव्हे, तर या संयमामुळे.

तापमान कमी असेल तर हा फरक निर्णायक ठरतो. विस्कॉन्सिन विद्यापीठात डुमेसिक यांच्या गटाने 2002 साली दाखवले की, ग्लुकोज, ग्लिसरॉल, सॉर्बिटॉल अशा पदार्थांच्या पाण्यातील द्रावणातून 225 अंशांच्या आसपास, प्लॅटिनमच्या उत्प्रेरकावर थेट हायड्रोजन मिळवता येतो. या तापमानाला कार्बन मोनॉक्साइड फार कमी उरतो, हा मोठा फायदा. पण याच तापमानाला उष्मागतिकीचा सगळा कल मिथेनकडे असतो, त्यामुळे तिकडची वाट अडवून धरणे हे केवळ उत्प्रेरकाच्याच हाती राहते. त्याच गटाने 2003 साली रेनी निकेलमध्ये (स्पंजासारख्या सच्छिद्र निकेलमध्ये) कथील मिसळले. कथिलामुळे मिथेन होण्याचा वेग मंदावला, कार्बन-कार्बन बंध तुटणे मात्र चालू राहिले, आणि एथिलीन ग्लायकॉल, ग्लिसरॉल व सॉर्बिटॉल यांच्या बाबतीत हा उत्प्रेरक प्लॅटिनमच्या तोडीचा निघाला. माझ्या मते या विषयातले हे सर्वांत देखणे काम आहे. म्हणजे निकेल चालतच नाही असे नाही. नुसते निकेल चालत नाही. शिवाय आधारद्रव्य आम्लधर्मी असेल तर रेणूतून पाणी निघून जाण्याच्या अभिक्रिया बळावतात आणि हायड्रोजनऐवजी अल्केन (मिथेनच्या जातीची हायड्रोकार्बने) वाढतात, म्हणून त्याची निवडही तितकीच जपून करावी लागते.

वर दिलेल्या नावांत ग्लुकोजची वागणूक सर्वांत वाईट. गरम पाण्यात ते उत्प्रेरकापर्यंत पोहोचण्याआधीच करपू लागते. त्यामुळे द्रावण पातळ ठेवावे लागते, किंवा हायड्रोजनचा एक रेणू खर्चून ग्लुकोजचे आधी सॉर्बिटॉल करून घ्यावे लागते. हा एक रेणू वाया जात नाही, कारण सॉर्बिटॉलमधून तत्त्वतः तेरा रेणू परत मिळतात.

याउलट 800 अंशांच्या आसपास मिथेनची चिंता उरत नाही, कारण तिथे वाफेच्या साथीने निकेल मिथेनही फोडते. नैसर्गिक वायूपासून हायड्रोजन बनवणारे कारखाने याच गुणावर चालतात. जैवभाराच्या बाबतीत मात्र वायूसोबत डांबर (जड, चिकट सेंद्रिय बाष्पे) येते आणि निकेलवर कार्बन साचू लागतो. वापरलेला उत्प्रेरक इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर कार्बनचे वळसे घेतलेले बारीक तंतू दिसतात आणि अनेक तंतूंच्या टोकाला नासपतीच्या आकाराचा निकेलचा एकेक कण असतो. तंतूने तो आधारद्रव्यापासून उपटून वर उचललेला असतो. गंमत म्हणजे असा कण बराच काळ सक्रियही राहतो. पण तंतू वाढता वाढता आधारद्रव्याच्या गोळ्या फुटतात, भुकटी नळीत अडकते आणि वायूचा मार्ग बंद होतो. हवेत जाळून कार्बन काढता येतो, पण त्या उष्णतेत निकेलचे कण एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि सक्रिय पृष्ठभाग घटतो. सिरियाच्या (सेरियम धातूच्या ऑक्साइडच्या) आधारद्रव्यामुळे कार्बन काही प्रमाणात आपोआप जळत राहतो, म्हणून त्याचा वापर बराच आहे. वनस्पतीतील प्रथिनांमधून येणारे गंधक निकेलच्या पृष्ठभागाला घट्ट धरून बसते, आणि काडातील पोटॅशियम क्लोराइड बाष्प होऊन पुढे थंड भागांत थिजते. म्हणून वायूकरणाच्या भट्टीत डोलोमाइट किंवा ऑलिव्हिनसारखी स्वस्त खनिजे वापरून डांबराचा बराच भाग आधीच फोडतात आणि निकेलला मागच्या टप्प्यावर ठेवतात.

आपण या विषयावरचे शोधनिबंध वाचणार असाल, तर हायड्रोजनच्या टक्केवारीआधी दोन गोष्टी पाहाव्यात: प्रयोग शुद्ध ग्लिसरॉलवर झाला आहे की खऱ्या लाकडापासून निघालेल्या द्रवावर, आणि तोच उत्प्रेरक न बदलता किती तास चालवला आहे. शुद्ध पदार्थावर काही तास चाललेल्या उत्प्रेरकाचे आकडे नेहमीच सुंदर असतात. लिग्निन (लाकडाला कडकपणा देणारा घटक), राख आणि गंधक असलेल्या मालावर तो टिकेल की नाही, हे त्या आकड्यांवरून कळत नाही.