आजीकडे क्योतोला चानोयु शिकायला जाताना

ताई, तुमच्या सासूबाई क्योतोच्या, लेक जूनपासून तीन महिने आजीकडे राहून चानोयु, म्हणजे जपानी चहाविधी, शिकणार, तर इथून काय शिकवून पाठवावं, असा प्रश्न आहे. व्हिडिओ बघून चहा घुसळायला बसवू नका. आधी आजींना विचारा, घराणं कोणतं? चहाविधीचे थोर गुरू सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) यांच्या परंपरेतली मुख्य घराणी तीन: उरासेन्के, ओमोतेसेन्के, मुशाकोजीसेन्के. उरासेन्केत चहावर भरपूर फेस आणतात, ओमोतेसेन्केत चंद्रकोरीएवढा भाग मोकळा ठेवतात. खोलीत पहिलं पाऊल उरासेन्केत उजवं, ओमोतेसेन्केत डावं. एकदा बसलेलं वळण मोडायला फार वेळ जातो.

उरासेन्के धरून सांगते. पहिले धडे फुकुसाचे, म्हणजे भांडी पुसायच्या रेशमी रुमालाचे. तो साधारण २७ बाय २९ सेंटिमीटर, दुहेरी. तीन कडांना शिवण, चौथी नुसती दुमडलेली; तिला वासा म्हणतात आणि ती उजव्या हाताला हवी. तिथे चुकलं की पुढच्या सगळ्या घड्या उलट्या पडतात. जुन्या रेशमी साडीचा ६० बाय ३० चा तुकडा मधोमध दुमडून तीन बाजू शिवा, सरावाला तेवढं पुरे. सुती कापड नको. रेशीम बोटांतून सुळकन निसटतं आणि सराव नेमका त्याचाच करायचा असतो.

बसणं वज्रासनासारखंच. रोज दहा मिनिटांपासून वाढवत न्या. पायाला मुंग्या आल्या तर ताडकन उठू देऊ नका, घोटा मुरगळतो. चवडे टेकवून, टाचांवर बसून रक्त उतरू द्यायचं, मग उठायचं. उंबरठ्यावर पाय द्यायचा नाही हे आपल्या मुलांना सांगावं लागत नाही. तातामीची, म्हणजे जमिनीवरच्या गवती चटईची, कापडी किनारही तशीच ओलांडायची.

पाहुणी म्हणून: गोड आधी पूर्ण संपवायचं, चहासोबत घास-घोट नाही. शेजारच्या पाहुण्याला 'ओसाकिनी', म्हणजे 'तुमच्या आधी घेते', म्हणायचं. वाडगा डाव्या तळव्यावर, उजव्या हाताने घड्याळाच्या दिशेने दोनदा फिरवायचा, कारण चित्राची दर्शनी बाजू ओठाला लावत नाहीत. शेवटचा घोट आवाज करून. मग कड बोटांनी पुसून, बोटं काइशी कागदाला पुसून, वाडगा उलट फिरवायचा.

घरी चहा करायचाच असेल तर माच्चा, म्हणजे हिरव्या चहाची पूड, २ ग्रॅम, चाळलेला. पाणी ७० मिलिलिटर, ८० अंशांच्या आसपास. उकळतं ओतलं की कडू होतो. चासेन, म्हणजे चहा घुसळायची बांबूची कुंचली, आधी कोमट पाण्यात भिजवा, कोरड्या काड्या मोडतात. रवीसारखं गोल घुसळणं नको. मनगट पुढे-मागे, टोकं तळाला न घासता.

अंगठी, घड्याळ, अत्तर घरी ठेवायचं. पांढरे मोजे वेगळे न्यायचे आणि दारात बदलायचे. शिकवणीचे पैसे कोऱ्या नोटांत, पाकिटात घालून, पाकिटाची सुलटी बाजू सेन्सेईंकडे (गुरूंकडे) करून द्यायचे.